द्विध्रुवी विकार असलेल्या आप्ताची देखभाल: घरच्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे द्विध्रुवी विकार, म्हणजेच बायपोलर डिसऑर्डर, असलेल्या व्यक्तीच्या घरच्यांसाठी लिहिली आहेत. उपचारांची माहिती आता सहज मिळते. परंतु मध्यरात्री जाग आली की नवरा झोपला आहे ना हे आधी पाहणाऱ्या पत्नीच्या किंवा घरून फोन आला की छातीत धस्स होणाऱ्या भावाच्या प्रश्नांना दवाखान्यातील मोजक्या मिनिटांत जागा मिळत नाही. पुढील मजकुरात आजारी व्यक्तीला शुभार्थी आणि तिची देखभाल करणाऱ्याला शुभंकर म्हटले आहे. औषधांविषयी जे लिहिले आहे ते घरच्यांना समजावे एवढ्यासाठीच आहे. कोणतेही औषध सुरू करणे, बदलणे किंवा थांबवणे हा निर्णय मनोविकारतज्ज्ञांनी शुभार्थीशी बोलून घ्यायचा असतो.

हा आजार घरच्यांना इतका का थकवतो?

कारण तो शुभंकराला एकाच भूमिकेत स्थिर होऊ देत नाही. उन्मादाच्या काळात, जो निदानाच्या निकषांनुसार किमान आठवडाभर टिकतो, शुभार्थीची झोप तीन-चार तासांवर येते आणि तरीही थकवा नसतो, बोलण्याला खळ नसतो, योजना भव्य होतात, पैसा पाण्यासारखा जातो, आणि अडवणारा प्रत्येक जण शत्रू वाटतो. या काळात घरच्यांना आवर घालावा लागतो. नैराश्याचा टप्पा किमान दोन आठवड्यांचा असतो, प्रत्यक्षात तो अनेक महिने चालू शकतो, आणि त्यात त्याच माणसाला अंथरुणातून उठवण्यासाठी, दोन घास खाऊ घालण्यासाठी विनवावे लागते. दोन्हींच्या मधल्या काळात शुभंकराने बाजूला होऊन त्याला त्याचे आयुष्य जगू द्यायचे असते. आवरणे, उठवणे आणि बाजूला होणे या तिन्ही गोष्टी एकाच नात्यात, कधी कधी एकाच वर्षात, कराव्या लागतात.

एमिल क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या आजाराला वेगळे ओळखले, ते दोन टप्प्यांमध्ये रुग्ण सावरतो या निरीक्षणाच्या आधारे. ते निरीक्षण मोलाचे होते. मात्र पुढे रुग्णांचा अनेक वर्षे मागोवा घेणाऱ्या अभ्यासांतून असे दिसले की तीव्र स्वरूपाचा आजार असलेल्यांना जवळजवळ निम्मा काळ काही ना काही लक्षणे जाणवतात, आणि त्यात नैराश्याचा वाटा उन्मादाच्या तिपटीहून अधिक असतो. ‘आता तो बरा आहे ना?’ असे नातेवाईक विचारतात तेव्हा शुभंकराला पटकन उत्तर देता येत नाही, त्याचे कारण हे आहे.

ओझे म्हणजे नेमके काय? काम तर सगळेच करतात.

होनिग आणि हॅमिल्टन या संशोधकांनी १९६६ मध्ये कुटुंबावरील ओझ्याचे दोन भाग वेगळे केले. पहिला भाग मोजता येणारा असतो: बुडालेली रजा, फेडायचे कर्ज, तुटलेले संबंध, दवाखान्याच्या फेऱ्या. दुसरा भाग त्या माणसाला ते सारे किती जड वाटते याचा असतो. हे दोन्ही भाग एकमेकांच्या प्रमाणात असतातच असे नाही. एखादी आई वर्षानुवर्षे सारे काही करते आणि फारशी खचत नाही. एखादा मुलगा आठवड्यातून एकदाच भेटायला येतो, पण वडिलांच्या आवाजातील बदल टिपण्याच्या ताणाने तो आतून पोखरला जातो. त्यामुळे ‘तू असे करतोस तरी काय?’ हा प्रश्न कोणत्याही शुभंकराला विचारू नये.

आजाराचा टप्पा उलटून वर्ष झाले. तो कामावर जातो, नीट वागतो. तरी मी पूर्वीपेक्षा जास्त का थकले आहे?

मला हा या साऱ्यांतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो, कारण तो विचारणाऱ्याला बहुतेकदा स्वतःचीच लाज वाटत असते. टप्प्याच्या काळात ओझे दिसते, माणसे धावून येतात, डॉक्टर फोन उचलतात. टप्पा संपला की सारे आपापल्या घरी जातात आणि पहारा तेवढा उरतो. तो आज जरा जास्त हसला का? रात्री एक वाजता त्याच्या खोलीत दिवा कशाला होता? नवीन बूट घेतले ते गरजेपोटी की सुरुवात झाली? गोळ्यांच्या पाकिटात एक गोळी जास्त कशी उरली? दिवसभरात असे कितीतरी प्रश्न मनात उठतात, त्यांपैकी एकही मोठ्याने विचारता येत नाही, कारण विचारला तर त्याला संशय वाटतो आणि न विचारला तर स्वतःला झोप येत नाही. त्याच्या आनंदाचीही भीती वाटू लागणे हा या आजाराने घरच्यांवर केलेला फार खोल आघात आहे.

हा पहारा पूर्णपणे सोडा, असे मी म्हणणार नाही, कारण त्यात तथ्य आहे: झोप कमी होणे हे उन्मादाच्या अगदी सुरुवातीच्या चिन्हांपैकी एक आहे, आणि जागरण स्वतःही उन्मादाला चालना देऊ शकते. परंतु पहाऱ्याचा निर्णय एकट्या शुभंकराच्या रोजच्या अंदाजावर राहता कामा नये. शुभार्थी सावरलेला असताना, शक्यतो डॉक्टरांसमोर, दोघांनी मिळून ठरवावे की सुरुवातीची चिन्हे कोणती मानायची. ती प्रत्येकाची वेगळी असतात. कोणी अचानक जुन्या मित्रांना रात्री-अपरात्री फोन करू लागतो, कोणी आंघोळ टाळू लागतो, कोणाच्या बोलण्यात एकच विषय पुन्हा पुन्हा येऊ लागतो. मग हेही ठरवावे की सलग दोन रात्री झोप पाच तासांहून कमी झाली, तर कोण कोणाला काय सांगेल, दवाखान्यात कोण फोन करील, आणि तोपर्यंत कोणते मोठे निर्णय पुढे ढकलले जातील. हे कागदावर असावे. असा करार झाल्यानंतर शुभंकराला रोज नव्याने न्यायाधीश व्हावे लागत नाही. ठरलेली गोष्ट घडली की ठरलेले पाऊल उचलायचे, आणि ती घडलेली नसेल तर नवे बूट हे केवळ नवे बूट मानायचे. माझ्या मते शुभंकराचे ओझे हलके करणारे याहून परिणामकारक साधन घरच्यांच्या हाती नाही, आणि तरीही बहुतेक घरांत ते कधीच तयार होत नाही, कारण चांगल्या दिवसांत त्या विषयाचे नाव काढणे अशुभ वाटते.

उन्मादात ती जे बोलली ते मला विसरता येत नाही. ते आजाराचे शब्द मानायचे की तिचे?

तीव्र उन्मादात विवेकाचा लगाम सुटतो आणि माणूस समोरच्याच्या नेमक्या वर्मावर बोट ठेवतो. अनेकदा ते खरेही वाटते, म्हणूनच अधिक झोंबते. त्या अवस्थेत बोललेले वाक्य हे तिचे खरे मत होते, असा निष्कर्ष काढू नये. पण ‘आजारच बोलत होता’ असे म्हटल्याने जखम भरत नाही, आणि ती भरली नाही म्हणून शुभंकराने स्वतःला कोत्या मनाचे समजण्याचेही कारण नाही.

टप्पा ओसरल्यानंतर लगेच हिशेब मांडू नये. त्या वेळी शुभार्थीला स्वतःच्या वागण्याची जी लाज वाटत असते ती असह्य असते, आणि उन्मादानंतर नैराश्य येण्याचा धोका मोठा असतो. काही आठवड्यांनी, शांतपणे, एकाच प्रसंगाविषयी, ‘तू असे म्हणालीस तेव्हा मला असे वाटले’ एवढे सांगावे. क्षमा मागितली गेली तर ती स्वीकारावी. मागितली गेली नाही तर तिला ते आठवतच नसण्याचीही शक्यता आहे. विवाहबाह्य संबंधांसारख्या गोष्टी घडल्या असतील तर हे दोघांनीच निस्तरण्यासारखे नसते. तेथे समुपदेशकाची मदत घ्यावी.

त्याला आजार आहे हेच तो मानत नाही. आम्ही काय करावे?

उन्मादात आजाराची जाणीव हरपणे हा पुष्कळदा आजाराचाच भाग असतो. ज्याला आयुष्यात प्रथमच इतके समर्थ आणि तेजस्वी वाटते आहे, त्याला पुरावे देऊन आजारी ठरवणे शक्य होत नाही, आणि प्रत्येक वादात नाते मात्र झिजते. आजाराचे नाव बाजूला ठेवून त्याला स्वतःला ज्याचा त्रास होतो आहे तेथून सुरुवात करावी: झोप येत नाही, कामावर भांडण झाले, मन सैरभैर आहे. ‘झोपेसाठी तरी एकदा दाखवू’ हे वाक्य ‘तुला बायपोलर आहे’ या वाक्यापेक्षा अधिक दारे उघडते.

जेवणातून गुपचूप गोळ्या देणे योग्य आहे का?

नाही. घरच्यांची अगतिकता मी समजू शकतो, परंतु हे उघडकीला आले की शुभार्थीचा अन्नावरचा, औषधावरचा आणि तुमच्यावरचा विश्वास एकाच वेळी जातो, आणि तो परत मिळवायला वर्षे लागतात. शिवाय काही औषधांची मात्रा रक्तातील पातळीवर ठरते, आणि काही औषधे मधेच खंडित झाल्यास पुन्हा अल्प मात्रेपासून सुरू करावी लागतात. चोरून दिलेल्या औषधाचा असा हिशेब राहत नाही. माणूस औषध साफ नाकारत असेल आणि स्वतःच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका असेल, तर उघडपणे आणि कायद्याच्या चौकटीत रुग्णालयाची मदत घेणे अधिक प्रामाणिक आहे.

लिथियम सुरू आहे. घरच्यांनी कशाकडे लक्ष द्यावे?

जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९४९ मध्ये उन्मादावरील लिथियमचा उपयोग प्रसिद्ध केला, आणि आजही नवे टप्पे रोखण्यासाठी व आत्महत्येचा धोका कमी करण्यासाठी त्याचे स्थान वरचे आहे. मात्र उपयोगी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर थोडे असते. दीर्घकालीन उपचारात रक्तातील पातळी साधारणपणे लिटरमागे ०.६ ते १.० मिलिमोल या दरम्यान ठेवतात आणि १.५ च्या वर विषबाधेची लक्षणे दिसू शकतात. तपासणीसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर सुमारे १२ तासांनी द्यायचे असते. त्याखेरीज मूत्रपिंडे, थायरॉइड आणि कॅल्शियम यांची तपासणी नियमितपणे करावी लागते.

घरात प्रत्यक्ष उपयोगी पडणारी गोष्ट वेगळी आहे. जुलाब, उलट्या, ताप किंवा भरपूर घाम यांमुळे शरीरातील पाणी कमी झाले, अथवा जेवणातील मीठ एकाएकी बंद केले, की लिथियमची पातळी वाढते. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि रक्तदाबाची काही औषधे यांमुळेही ती वाढते, म्हणून अंगदुखीसाठी घरातील कोणतीही गोळी देण्यापूर्वी विचारून घ्यावे. हात जोराने थरथरणे, झोकांड्या जाणे, बोलणे अडखळणे, गुंगी येणे, उलट्या होणे यांपैकी काही दिसल्यास पुढील गोळी न देता त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. याउलट, बरे वाटते म्हणून लिथियम अचानक सोडून दिल्यास आजार उलटण्याचा, विशेषतः उन्मादाचा, धोका बराच वाढतो.

पैशांचे व्यवहार ताब्यात घेणे अपमानास्पद नाही का?

अचानक आणि चोरून ताब्यात घेतले तर आहे. सावरलेल्या काळात त्याच्याच संमतीने ठरवले तर नाही, आणि पुष्कळ शुभार्थींना अशा व्यवस्थेने हायसे वाटते, कारण कर्जाची लाज त्यांनीही भोगलेली असते. मोठ्या रकमेसाठी दोघांच्या सह्या, कार्डाची मर्यादा कमी ठेवणे, बचतीचे खाते रोजच्या खात्यापासून वेगळे असणे, ठरावीक रकमेपुढील खरेदीआधी तीन दिवस थांबणे, असे उपाय करता येतात. रोजच्या खर्चाचे स्वातंत्र्य मात्र त्याच्याकडेच राहू द्यावे. चाळीस वर्षांच्या माणसाला बसभाड्यासाठी हात पसरावा लागू नये.

आमच्या वागण्यामुळे त्याचा आजार उलटतो का?

आजार घरच्यांमुळे होत नाही. त्याचा पाया मोठ्या प्रमाणात आनुवंशिक आणि जैविक आहे, हे प्रथम स्पष्ट असू द्यावे, कारण अपराधभावनेने आयुष्य काढणारे आईवडील खूप आहेत. घरातील वातावरणाचा पुढील वाटचालीवर मात्र परिणाम होतो. जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात लंडनमध्ये सुरू केलेल्या संशोधनातून असे पुढे आले की रुग्णालयातून घरी गेलेल्या ज्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या घरात सततची टीका, वैरभाव किंवा अतिरेकी गुंतवणूक (काळजीपोटी गरजेपेक्षा जास्त लक्ष घालणे) होती, त्यांचा आजार अधिक वेळा उलटला. पुढे डेव्हिड मिक्लोविट्झ आणि इतरांनी द्विध्रुवी विकारातही असाच संबंध दाखवला आणि कुटुंबासाठी उपचारपद्धती तयार केली. मूळ स्वरूपात ती नऊ महिन्यांत २१ बैठकांची आहे. तीत आजाराची माहिती, संवाद आणि समस्या सोडवण्याची रीत शिकवली जाते, आणि औषधांच्या जोडीने तिचा फायदा चाचण्यांत दिसला आहे.

यातील ‘अतिरेकी गुंतवणूक’ हे शब्द वाचून अनेक माता दुखावतात. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की टीका आणि अतिरेक हे बहुतेकदा थकलेल्या, एकट्या पडलेल्या शुभंकराचे लक्षण असते. त्याला विश्रांती आणि माहिती मिळाली की ते पुष्कळ कमी होते.

नैराश्यात तो महिनोन्‌महिने पडून असतो. त्याला उठवावे की तसेच राहू द्यावे?

‘मनावर घे’, ‘बाहेर पड, बरे वाटेल’ ही वाक्ये थांबवावीत. त्याला मनावर घेता आले असते तर त्याने ते केव्हाच घेतले असते. तरीही पूर्णपणे सोडून देऊ नये. उठण्याची आणि झोपण्याची वेळ शक्य तितकी ठरावीक ठेवणे, दिवसातून एकदा उजेडात नेणे, एक लहानसे काम सोबतीने करणे एवढे पुरते. फक्त नैराश्याचीच तक्रार घेऊन नव्या डॉक्टरांकडे गेल्यास पूर्वीच्या उन्मादाचा इतिहास न विसरता सांगावा, कारण मनःस्थिती स्थिर राखणाऱ्या औषधाशिवाय दिलेली नैराश्यविरोधी औषधे काहींना उन्मादाकडे ढकलू शकतात.

तो मरणाची भाषा बोलतो. त्याविषयी विचारल्याने विचार पक्का होईल का?

होत नाही. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे स्पष्ट आणि शांतपणे विचारावे, उत्तर ऐकून घ्यावे, वाद घालू नये. कसे करायचे हे त्याने ठरवले असेल, साधन हाताशी असेल किंवा पूर्वी तसा प्रयत्न झालेला असेल, तर त्याला एकटे ठेवू नये, साठवलेली औषधे व इतर साधने दूर करावीत आणि त्याच दिवशी तातडीची वैद्यकीय मदत घ्यावी. या आजारात आत्महत्येचा धोका सर्वसामान्य लोकांपेक्षा अनेक पटींनी अधिक असतो; नैराश्य आणि अस्वस्थ ऊर्जा एकत्र आलेला मिश्र टप्पा आणि रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले आठवडे विशेष जपण्याचे असतात. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन मात्र देऊ नका.

तिला रुग्णालयात दाखल केल्यापासून ती मला विश्वासघातकी म्हणते.

जीव धोक्यात असताना घेतलेला तो निर्णय होता, आणि तो घेताना तुमच्याजवळ चांगला पर्याय उरलेला नव्हता. तिची वेदनाही खरी आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मान्य करता येतात. सावरल्यावर तिला विचारावे की पुन्हा अशी वेळ आली तर काय व्हावे असे तिला वाटते: कोणते रुग्णालय, कोणती औषधे नकोत, सोबत कोणी यावे, कोणी येऊ नये. अनेक देशांत अशा पूर्वसूचनेला कायदेशीर मान्यता आहे. मान्यता नसली तरी ती लिहिलेली असली की पुढच्या वेळी तुम्ही तिच्याविरुद्ध नव्हे, तर तिच्याच सांगण्यावरून वागत असता.

घरात मारहाण होते. तेही सहन करायचे का?

नाही. आजार हे कारण असू शकते, परंतु तुम्ही मार खात राहण्याने कोणाचाही आजार बरा होत नाही. मुलांना घेऊन बाहेर पडावे, मदत बोलवावी, आणि ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये. वेगळे राहण्याचा किंवा नाते संपवण्याचा निर्णय घेणारा जोडीदार कृतघ्न ठरत नाही. हा निर्णय शक्यतो ऐन टप्प्याच्या भरात घेऊ नये, एवढेच.

मुलांना हा आजार होईल का? त्यांना काय सांगावे?

आई किंवा वडील यांपैकी एकाला आजार असल्यास मुलाला तो होण्याची शक्यता शेकडा पाच ते दहाच्या आसपास मानली जाते. ती सर्वसामान्यांपेक्षा जास्त आहे, पण अशा मुलांपैकी बहुतेकांना हा आजार होत नाही. गर्भधारणेचा विचार असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलावे. मनःस्थिती स्थिर राखणारे व्हॅल्प्रोएट हे औषध गर्भाला हानिकारक ठरू शकते, आणि प्रसूतीनंतरचे पहिले आठवडे आजार उलटण्याच्या दृष्टीने अतिशय जोखमीचे असतात.

लहान मुलांना खरे सांगावे, थोडे सांगावे. ‘बाबांच्या मेंदूला एक आजार आहे, त्यामुळे कधी ते फार रागावतात, कधी फार उदास होतात, तो तुझ्यामुळे झालेला नाही, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवण्याचे काम तुझे नाही’ एवढ्यात त्यांना हवे ते सारे येते. शेवटचे वाक्य विसरू नये, कारण अशा घरांतील मुले फार लवकर मोठी होतात आणि त्याचे कौतुकही होते.

आमच्यानंतर त्याचे कोण पाहील?

या प्रश्नाला दिलासा हे उत्तर नाही, तयारी हे आहे, आणि ती आईवडील धडधाकट असतानाच सुरू व्हावी. भावंडांना गृहीत धरू नये. त्यांना बसवून विचारावे की कोण पैशांचे पाहील, कोण दवाखान्याचे, आणि कोणाला यांतील काहीच जमणार नाही. जमणार नाही असे म्हणणाऱ्यालाही ते अपराधी न वाटता म्हणता यावे. शुभार्थीला जे स्वतः करता येते ते आजच त्याच्याकडे सोपवावे, कारण आईने तीस वर्षे मोजून दिलेल्या गोळ्या ती गेल्यानंतर एकाएकी स्वतः मोजणे कठीण जाते. एका वहीत निदान, सध्याची औषधे व मात्रा, पूर्वी लागू पडलेली आणि न पडलेली औषधे, तपासण्यांच्या तारखा, सुरुवातीची चिन्हे, दोघांमधील करार आणि संपर्काची माणसे लिहून ठेवावीत. ती वही शुभार्थीच्या अक्षरात असली तर उत्तम. दर सहा महिन्यांनी त्याच्यासोबत बसून ती अद्ययावत करावी, आणि तातडीच्या वेळी जो सर्वांत आधी पोहोचू शकेल त्याच्याकडे तिची एक प्रत ठेवावी.